मदत हवी आहे: एपी कॅल्क्युलस की ड्युअल क्रेडिट?

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमध्ये असतो, मुलगी ऑगस्टपासून बारावीत. गणितासाठी शाळेत दोनच वाटा: एपी कॅल्क्युलस एबी (शाळेतच शिकवतात, शेवटी देशभर एकच परीक्षा, चांगल्या स्कोअरवर कॉलेजचं क्रेडिट मिळू शकतं), नाहीतर कम्युनिटी कॉलेजचा ड्युअल क्रेडिट कोर्स (शाळेचं आणि कॉलेजचं क्रेडिट एकदमच), मॅथ २४१३, म्हणजे कॅल्क्युलस १. बीसी (एबीच्या पुढचा एपी कोर्स) आमच्या शाळेत नाही. फीची अडचण नाही.

तिला मेकॅनिकल इंजिनीअरिंग करायचंय. यूटी ऑस्टिन किंवा ए अँड एमला गेली तर चिंता नाही, राज्यातली सरकारी विद्यापीठं २४१३ ओळखतात. पण अर्ज राज्याबाहेर पर्ड्यू आणि जॉर्जिया टेकलाही करणार आहे. एपीत सगळा डाव मे महिन्यातल्या एका परीक्षेवर, पण स्कोअर पडला तर तो पाठवायची सक्ती नाही. ड्युअल क्रेडिटची ग्रेड मात्र कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची चिकटते, आणि बाईसाहेब गृहपाठ रात्री अकराला उघडणाऱ्या!

काउन्सेलरचं उत्तर ‘युनिव्हर्सिटीवर अवलंबून’, जे आम्हालाही माहीत होतं. ट्रान्सफरॉलॉजीवर (एका कॉलेजचा कोर्स दुसरीकडे कसा धरतात ते दाखवणारी साइट) कोर्स टाकून पाहिला, पण इंजिनीअरिंगचा विभाग प्रत्यक्षात काय करतो ते त्यावरून कळत नाही.

टेक्सासचं ड्युअल क्रेडिट घेऊन कुणाची मुलं राज्याबाहेर इंजिनीअरिंगला गेली आहेत का? त्यांना थेट कॅल्क्युलस २ला बसू दिलं, की क्रेडिट नुसतं इलेक्टिव्ह म्हणून मोजलं?