पोरांना ‘पीडित’ म्हणणं थांबवायचं का?

कोर्टातली ताई
पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यांत मी मुलांबरोबर सपोर्ट पर्सन म्हणून जाते. 2020 च्या नियमांप्रमाणे बाल कल्याण समिती अशी व्यक्ती नेमते, मुलाची आणि पालकांची संमती घेऊन. काम म्हणजे बऱ्याचदा कोर्टाबाहेरच्या बाकावर तासन्‌तास शेजारी बसणं.

आठवीतली एक मुलगी (ओळख पटेल असं काही लिहीत नाही) पेपरचं कात्रण चार घड्या घालून कंपासपेटीत घेऊन आली होती. म्हणाली, “ताई, ‘पीडितेने सांगितले’ असं लिहिलंय. ही मीच ना?” पोक्सोच्या कलम 23 मुळे नाव छापत नाहीत, ते योग्यच. पण आजी, शेजारीण, वर्गातल्या बाई, सगळ्यांच्या नजरेत ती तेवढीच उरली. ‘तू आता आराम कर’ म्हणून तिला खो-खोच्या संघातून वगळलं. त्या दिवशी ती जितकी रडली, तितकी जबाब देतानाही रडली नव्हती. माझं म्हणणं, हा शब्द कागदावर राहू द्या, तोंडी नको.

वकील, सोलापूर
ताई, मला हे पटत नाही. संघातून काढलं ते माणसांनी, शब्दाने नाही. ज्या घरात ‘झालं गेलं विसर’ एवढंच ऐकू येतं, तिथे पोरीला पीडित म्हटलं की पहिल्यांदा कळतं, गुन्हा दुसऱ्याने केलाय. मनोधैर्य योजनेचा, म्हणजे अशा अत्याचारानंतर मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो तो याच नात्याने. हा शब्द सैल सोडला की ‘आपसात मिटवा’ म्हणणारे तयारच असतात.

सांगलीकर, वय 23
मला तो शब्द कुणी दिलाच नाही. बारा वर्षांचा होतो, क्लासचे सर होते. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, “तू मुलगा ना? ढकलून द्यायचंस.” पोक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही, हे मला अकरावीत कळलं. तोवर मी स्वतःला भित्रा समजत होतो.

ऐकून घेतलं ते मामाने. मध्ये एकही प्रश्न नाही. शेवटी ताटात भाकरी वाढली आणि म्हणाला, “आधी जेव. मी इथंच आहे.”

कोर्टातली ताई
मुलग्यांना तो शब्द मिळतच नाही, हे मी लिहिताना लक्षातच घेतलं नाही. चुकलं माझं. पण मला सांग, तुला ‘पीडित’ हवं होतं, की ‘तुझी चूक नाही’?

सांगलीकर, वय 23
दोन्ही. चूक नाही हे त्याच रात्री. शब्द नंतर, मला कळेल तेव्हा.

शिक्षिका
माझा अनुभव निराळा. मुलं शब्दापेक्षा गोष्ट फुटण्याला घाबरतात. एकाने ‘कुणाला सांगू नका’ म्हणून सांगितलं. कलम 19 प्रमाणे मला पोलिसांना कळवावंच लागलं. त्याला न सांगता कळवलं. तो आजही माझ्याशी बोलत नाही.

वकील, सोलापूर
बाई, कळवलंत ते बरोबरच. न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे.

सांगलीकर, वय 23
कळवाच. पण आधी त्याला समोर बसवून सांगा, आणि सोबत कोण हवं ते विचारा. मला कुणी विचारलं असतं तर मी मामाचं नाव घेतलं असतं.