अनुभव धागा : चाकरमान्यांचे घर नक्की कुठे?

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची मात्र सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली आणि, विशेष म्हणजे, मुंबई शहर जिल्ह्याचीही ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. चाकरमानी जिथून निघाला ते गाव आणि जिथे पोचला ते शहर, दोन्ही ओसरली. या काळात किंवा त्याच्या आगेमागे आपले घर कुठून कुठे गेले आणि मागे कोण राहिले, ते प्रत्येकाने आपल्या अनुभवापुरते लिहावे, ही विनंती.

राजापूर तालुक्यातून : माझे वडील परळच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गावकीच्या खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपणाऱ्या माणसांपैकी ते एक; रात्रपाळीचा उठला की त्याच जागेवर दिवसपाळीच्याची वळकटी पडे, आणि ज्याच्या त्याच्या मालकीची म्हणावी अशी वस्तू म्हणजे भिंतीलगतची पत्र्याची ट्रंक. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी ती ट्रंक घेऊन ते गावी परतले. आपल्या खाचराचा बांध कुठे संपतो, हे त्यांना आईला विचारावे लागले, कारण लावणी, कापणी आणि सोसायटीचे कर्ज इतकी वर्षे तिनेच सांभाळले होते. २०११ मध्येही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. तो आकडा वाचताना मला आईच दिसते.

बदलापूरहून : गिरगावातली आमची पागडीची खोली १९९४ साली गेली. मालकाचा वाटा वजा जाता उरले त्याचे तीन भाग झाले, आणि तीन भाऊ विरार, डोंबिवली आणि बदलापूर असे पांगले. रेशनकार्डावर मात्र पुढे कित्येक वर्षे गिरगावचाच पत्ता होता; तो बदलायला वडील काही केल्या तयार नव्हते, त्यामुळे साखर बदलापुरात वाण्याकडूनच विकत घ्यावी लागे.

रत्नागिरीजवळून : आमच्या आंब्याच्या बागेची राखण गेली बारा वर्षे नेपाळी कुटुंबे करतात. दिवाळीच्या सुमारास येतात, वानर हाकतात, फवारणी आणि काढणी करतात, आणि पावसाला तोंड लागले की परततात. शेजारचे घर मुंबईकरांचे. गणपतीचे आठ दिवस सोडले तर एरवी कुलूपबंद. हल्ली त्यांनीच ते आमच्या गड्यांना राहायला दिले आहे, देवघर उघडायचे नाही एवढ्याच अटीवर. त्यांतले एक कुटुंब आता पावसाळ्यातही जात नाही. त्यांची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. पट अकरा, त्यांत नेपाळी मुले चार.