दुसरी ‘ब’ मधलं पत्र आणि त्यावरची माझी सही

रानजाई

गेल्या गुरुवारी शाळा सुटताना गेटवर एक पत्र फिरत होतं. ‘वर्गातील एका विद्यार्थ्यामुळे आमच्या पाल्यांच्या सुरक्षिततेस धोका आहे, तरी त्याची अन्यत्र सोय करण्यास त्याच्या पालकांना सांगावे.’ वर्गात 42 मुलं, पत्रावर तोवर 26 सह्या. रिक्षावाले काका हॉर्न देत होते, लेकाचं दप्तर माझ्या खांद्यावर. मी सत्ताविसावी सही केली आणि निघाले.

पत्रातला तो मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. त्याने आदल्या आठवड्यात एका मुलीच्या हाताला चावा घेतला होता.

सोमवारी लेक डबा विसरला म्हणून मी वर्गापर्यंत गेले. खाली मैदानात लेझीमचा सराव चालू होता, ढोल अगदी जिन्यापर्यंत घुमत होता. तो मुलगा वर्गाबाहेर एकटा. कॉलर चावून चावून ओलीचिंब. एक हात कानावर आणि दुसऱ्या हाताने सगळ्यांचे बूट भिंतीलगत ओळीने लावत होता, लहानापासून मोठ्यापर्यंत. आत बाई बाकीच्यांना हातच्याची वजाबाकी शिकवत होत्या. जिन्याच्या पायरीवर त्याची आई बसली होती. ती रोज तिथेच बसते, शाळा सुटेपर्यंत. ‘काही झालं तर लगेच घरी न्यावं लागेल’ असं शाळेने सांगितलंय, म्हणून तिने नोकरी सोडली. पिशवीत जादा शर्ट. मला म्हणाली, “तुमच्या मुलाचे बूट तिसरे आहेत, त्याने नीट ठेवलेत.”

माझ्या सहीबद्दल तिला ठाऊक होतं की नाही, कळलं नाही. मी काही न बोलता खाली आले.

तेव्हापासून मनात एकच घोळतंय. या मुलाभोवती मोठी माणसं किती! 41 मुलांचे आईबाप, शिक्षिका, मुख्याध्यापक, संस्थाचालक, शिक्षण खातं. आणि भार सगळा जिन्यावरच्या त्या एका बाईवर. आम्ही तोही कमी पडला म्हणून पत्र दिलं. मला माझी सही मागे घ्यायची आहे. कोणाला चूक वाटत असेल तर जरूर सांगा.

ओवीचा_बाबा

मला चूक वाटतं. चावा बसला ती माझी मुलगी नाही, पण गेल्या वर्षी आमच्या शाळेत माझ्या मुलीबाबत हेच झालं. डोक्यात कंपास पेटी बसली, तीन टाके. महिनाभर ती शाळेच्या नावाने रडत होती. त्या मुलाच्या आईचं दुःख मला दिसत नाही असं समजू नका. पण माझं पहिलं कर्तव्य माझ्या लेकराशी आहे. ती सात वर्षांची आहे. दुसऱ्याचा आजार समजून घे, असं तिला टाके पडल्यावर कोणत्या तोंडाने सांगू? तुमच्या मुलाला लागलं असतं तर हा धागा काढला असता का?

रानजाई

खरं सांगते, बहुतेक नसता काढला. म्हणूनच काढायला हवा असं वाटलं.

तात्या_वाईकर

आमच्या वेळी असली मुलं प्रत्येक वाड्यात होती. कोणी नाव ठेवलं नाही, चार पोरांत वाढली, सुधारली. आता मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत हातात मोबाईल, आईबाप दोघे बाहेर, मग मूल एकलकोंडं होणारच. आधी घर सुधारा, मग शाळेकडे बोट दाखवा.

पाणपोई

तात्या, वयाचा मान राखून बोलते. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, स्वमग्न. आमच्या घरी तेव्हा स्मार्टफोनच नव्हता आणि मी त्याच्याजवळ चोवीस तास होते. आईला दोष देण्याची ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत ब्रुनो बेटलहाइम नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं सांगितलं, की आई थंड असते, माया करत नाही म्हणून मूल असं होतं. हजारो बायकांनी ते खरं मानून स्वतःला खाल्लं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने ते खोडून काढलं. तो स्वतः अशाच मुलाचा बाप होता. साठ वर्षं झाली, आणि आमच्याकडे बारशाला आलेल्या बायका अजून मला विचारतात, ‘गरोदरपणी काही झालं होतं का गं?’

वाड्यातल्या मुलांचं म्हणाल, तर माझा एक चुलत सासरा तसा होता. सुधारला वगैरे काही नाही. मागच्या खोलीत ठेवला होता. पंगत उठल्यावर त्याचं ताट जायचं. कोणी नाव ठेवलं नाही, कारण त्याचं नाव कोणी घेतच नव्हतं.

पण एक चूक आमचीही, तीही कबूल करते. दीड वर्षाचा असताना हाक मारली तर वळून बघत नव्हता, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चौथ्या वर्षी बोलला.’ मला ते ऐकायला बरं वाटलं. त्यात अडीच वर्षं गेली. घरातली मोठी माणसं लाजेपोटी डोळे मिटतात, त्याची किंमत मूल भरतं.

तात्या_वाईकर

ताटाचं वाचून आमच्या वाड्यातला बंडू आठवला. त्याचंही तसंच होतं. मोबाईलबद्दल माझं मत कायम आहे, पण तुमच्या घराबद्दल बोललो ते मागे घेतो.

धाकटी_बहीण

मी वेगळ्या बाजूने बोलते. माझा भाऊ मतिमंद आहे (आता बौद्धिक अक्षम म्हणतात). चौथीपर्यंत साध्या शाळेत होता. रोज मागच्या बाकावर, पोरं चिडवायची, बाई पास करायच्या. घरी आला की भिंतीवर डोकं आपटायचा. मग आईने त्याला पुण्यातल्या कामायनीत घातलं. 1964 पासूनची संस्था आहे. तिथे तो बसचं तिकीट काढायला शिकला, कागदी पिशव्या करायला शिकला, आणि मुख्य म्हणजे त्याला मित्र मिळाले. ‘सगळ्यांबरोबर शिकू द्या’ हे ऐकायला छान आहे. पण नुसतं वर्गाबाहेर बूट लावत बसणं याला शिक्षण म्हणायचं का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 31 मध्येही 6 ते 18 वयापर्यंत जवळची शाळा किंवा आपल्या पसंतीची विशेष शाळा, असंच आहे. म्हणून विशेष शाळेचं नाव काढलं की शिवी दिल्यासारखं बघू नका.

पाणपोई

ताई, बाकी पटलं. पण ‘आपल्या पसंतीची’ यातली पसंती त्या मुलाची आणि घरच्यांची. गेटवर 27 जणांनी सह्या करून ठरवायची ती पसंती नव्हे. शिवाय शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत कोणालाही शाळेतून काढता येत नाही.

ओवीचा_बाबा

कलमं पुरे. ती माझ्या मुलीच्या टाक्यांवर लावता येत नाहीत.

खडूफळा

जिल्हा परिषद शाळेत एकोणीस वर्षं शिकवतोय. आमच्याकडे पहिली-दुसरी एकत्र, 46 पोरं. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणूक आली की बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम. त्यात माझ्याकडे एक पोरगी आहे, एका जागी दोन मिनिटं टिकत नाही, खिडकीवर चढते. गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक येतात, महिन्यातून एकदा. तेही चांगले आहेत, पण एका माणसाकडे तालुक्यातल्या कितीतरी शाळा. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं, प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक पाहिजे. आमच्या गावात तो अजून पोचायचाय.

रानजाई ताईंच्या वर्गातल्या बाईंना दोष देऊ नका. मूल बाहेर बसवलं हे चूकच. पण मीही त्या पोरीला कधी कधी ‘जा, हापशावरून तांब्या भरून आण’ म्हणून पाठवतो. ती खूश होते आणि मला दहा मिनिटं मिळतात. ती गेली की वर्ग कसा शांत होतो, आणि मला बरं वाटतं, याची रात्री लाज वाटते.

अनुजा_ओटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे अशा मुलांना रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करते. चाव्याबद्दल कोणी काही विचारलं नाही, म्हणून लिहिते. असा चावा शक्यतो अचानक नसतो. कानावर हात, कॉलर चावणं, पुढे-मागे झुलणं, हे आधी दिसत असतं. ढोल आपल्याला ढोल वाटतो, त्याला तो छातीवर कोणी मारल्यासारखा लागत असेल. त्यात कोणी अंगाला चिकटलं, की दात. चावायला रबरी नळी, कानाला आवाज कमी करणारे हेडफोन, दारापासून लांबची जागा, आज काय काय होणार त्याची चित्रांची पट्टी, आणि लेझीमच्या तासाला ग्रंथालयात बसायची मुभा. यात महाग काही नाही.

मूल अजून कुठे दाखवलं नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (2013 पासून आहे) अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला पथक येतं, पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत पाठवतात. नॅशनल ट्रस्टच्या (स्वमग्न, बौद्धिक अक्षम अशांसाठीची केंद्र सरकारची संस्था) निरामय विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च निघतो, थेरपीसकट. मी भेटते त्या निम्म्या पालकांना हे माहीतच नसतं. आणि शाळेतून कोणी सांगितलेलंही नसतं.

ओवीचा_बाबा

अनुजाताई, हे पहिल्यांदा कोणीतरी कामाचं बोललं. पण कॉलर चावतोय हे बघणार कोण? 42 मुलं आणि एक बाई. खडूफळा सरांनीच सांगितलं. आमच्या शाळेत मदतनीस बाई ठेवायचं निघालं, तर तिचा पगार त्या मुलाच्या आईवडिलांनी द्यायचा असं ठरलं. त्यांना जमलं नाही, मूल गेलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आज हे वाचून तितकंसं वाटत नाहीये, तरी माझ्या मुलीला कंपास पेटी बसायला नको होती, हेही तितकंच खरं.

धाकटी_बहीण

दोन्ही खरं आहे दादा. तुमच्या मुलीला लागलं ते त्या मुलाच्या अंगावर नका टाकू, शाळेने दुसरं माणूस ठेवलं नाही त्यावर टाका.

रानजाई

आज सही मागे घेतल्याचं मुख्याध्यापकांना लेखी दिलं. पोच घेतली. मग दुसरं पत्र लिहिलं, आठ ओळींचं: दुसरी ‘ब’ मध्ये पूर्ण वेळ एक मदतनीस ठेवावी, पगार शाळेने द्यावा, कमी पडला तर आम्ही सगळे 42 पालक वाटून घेऊ. लेझीमच्या तासाला त्या मुलाला ग्रंथालयात बसू द्यावं. आईला जिन्यावर बसायला सांगू नये. आणि चावा बसलेल्या मुलीच्या घरी जाऊन शाळेने तिची विचारपूस करावी, ती अजून कोणी केलेली नाही.

आतापर्यंत चार सह्या झाल्यात. चौथी त्या चावा बसलेल्या मुलीच्या आजीची. त्या म्हणाल्या, “शेवटची ओळ आधी लिहायची होतीस.” मी ती वर घेतली. शनिवारी पालकसभा आहे.

ओवीचा_बाबा

माझी मुलगी तुमच्या शाळेत असती, तर पहिलं पत्र मी आजही फाडलं नसतं, मदतनीस वर्गात प्रत्यक्ष दिसेपर्यंत. तरी तुमचं दुसरं पत्र इथे टाका. मला आमच्या शाळेत द्यायचं आहे.