प्री-इग्निशनला मराठीत काय म्हणाल? 'स्वयंज्वलन' पटत नाहीये

अनुवादिका_माहीम
जुन्या मोटारींवरच्या मजकुराचं भाषांतर करतेय, एका शब्दावर दोन दिवस अडलेय. सुरुवातीच्या पेट्रोल इंजिनांत ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटायचं, त्याला मी 'स्वयंज्वलन' लिहिलं तर तपासणाऱ्यांनी खोडून 'उत्स्फूर्त ज्वलन' केलं. उत्स्फूर्त तर टाळ्या असतात ना?

परळकर
ताई, दोन्ही शब्द चुकीच्या जागी बसतायत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ठिणगी पाडणाऱ्या प्लगचं टोक, नाहीतर साचलेला कार्बन लाल होऊन राहिला आणि त्यानेच ठिणगीआधी पेट दिला तर ते प्री-इग्निशन. ठिणगी वेळेवर पडली, पण आग पोचायच्या आत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने नि उष्णतेने एकदम भडकलं, तर ते नॉकिंग. 'स्वयं' म्हणायचंच तर या दुसऱ्याला म्हणा, पहिल्यात पेटवणारा निखारा आत बसलेलाच आहे! इंग्लंडात इंजिनतज्ज्ञ हॅरी रिकार्डोने हा फरक लावून धरला होता. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली या संशोधकाने पेट्रोलात शिसं घालायची युक्ती काढली तीसुद्धा नॉकिंगवर, निखाऱ्याला शिसं काय करणार.

गिरगावातला
वडिलांची काळी-पिवळी होती. खूप तापली की किल्ली काढली तरी इंजिन गचके देत चालूच राहायचं, ते म्हणायचे "आत धुमसतंय अजून". मग मेकॅनिक हेड खोलून कार्बन खरवडायचा. इतका चांगला शब्द घरात असताना संस्कृत कशाला?

तंत्रमराठी
धुमसणं म्हणजे ज्वाळेशिवाय जळत राहणं. कार्बन धुमसतो हे बरोबर, पण मिश्रण धुमसत नाही, ते भडकतं. 'अकाली प्रज्वलन' घ्या, अर्थ नेमका आहे. दट्ट्या (पिस्टन), झडप (व्हॉल्व्ह), ठिणगी-गुडदी (स्पार्क प्लग) हे शब्द आपण वापरलेच नाहीत म्हणून परके वाटतात.

परळकर
दादा, लालबागच्या कुठल्याही गॅरेजात जाऊन गुडदी मागा, कोणी देणार नाही. प्लग मराठीच झालाय आता.

तंत्रमराठी
गॅरेजात नाही चालला म्हणून पुस्तकातूनही हाकलायचा? झडप तर पाण्याच्या पंपाला सगळे म्हणायचे.

अनुवादिका_माहीम
'अकाली' आवडला, जरी तो ऐकला की पुढे 'निधन' येईल असं वाटत राहतं. पण अडचण अशी की आधीच्याच प्रकरणात १८८० च्या दशकातलं डाइम्लरचं इंजिन आहे, त्यात ठिणगीच नाही, बर्नरने लाल केलेली नळी मुद्दाम ठेवलेली आणि तिनेच मिश्रण पेटायचं. म्हणजे तिथे तापलेला भाग हवाय आणि पुढच्या प्रकरणात नकोय, शब्द असा हवा की दोन्हीकडे गोंधळ होणार नाही. आणि कार्बनला मी 'काजळी' लिहिलंय ते तरी चालेल ना?

सावंतवाडी_ते_मुलुंड
काजळी नको! काजळी कंदिलाच्या काचेवर धरते, बोटाने पुसली जाते. सिलिंडरमध्ये तेल जळून थर बसतो तो खरवडावा लागतो, ते कीट. तव्याला बसतं तेच.

गिरगावातला
आमच्याकडे कीट म्हणजे लोखंडाचा गंज. तव्यावरचं ते करपट.

सावंतवाडी_ते_मुलुंड
करपट वासाला म्हणतात हो, थराला नाही. संस्कृत 'किट्ट' म्हणजे मळ, गाळ, त्यात गंजही आला आणि तवाही. माझी आजी चुलीवरच्या भांड्याचं कीट नारळाच्या काथ्याने काढायची.

तंत्रमराठी
काथ्याने निघालं तर ती काजळीच असणार.