काळ्या मातीवर आर्टिफिशियल लॉन टाकलं, पावसात नुसतं पचपच… आता काय करू?

अंगणवाला_परभणी:
नमस्कार मंडळी, रो हाऊसच्या मागे २० बाय १५ फुटांचं अंगण आहे, माती काळी, अगदी कापसाची. मागच्या एप्रिलमध्ये आर्टिफिशियल लॉन टाकून घेतलं, ठेकेदाराने माती वरवर सारखी केली, दोन इंच डस्ट (खडी फोडताना निघणारी दगडाची भुकटी) पसरली, वर लॉन अंथरून कडेने खिळे ठोकले, दिसायला एकदम झकास. जुलैत पाय ठेवला की भोकांतून पाणी वर यायचं, आठ दिवसांत कुबट वास. आता मे मध्ये खालची जमीन भेगाळली तर लॉनला झोळ पडलेत, परवा आई त्यात पाय जाऊन पडता पडता वाचली. ठेकेदार म्हणतो काळी माती आहे त्याला मी काय करू. सगळं उखडून नव्याने करायचंय, मृगाला पंधरा दिवस राहिलेत. कुणी म्हणतं मुरूम टाक, कुणी म्हणतं पीसीसी (सळई न घालता साधं काँक्रीट) कर. नक्की काय?

खडीवाला_नगर:
दादा लॉनचा दोष नाही, पाणी लॉनमधून बरोबर खाली जातंय पण पुढे काळी माती त्याला वाटच देत नाही. आणि डस्ट ओली झाली की तिचा लगदा होतो. मी माझ्याकडे ९ इंच खोदून आधी जिओटेक्स्टाइल टाकलं (ते पांढरं फेल्टसारखं कापड, प्लॅस्टिकचा कागद नव्हे हां), त्यावर ६ इंच ४० एमएम खडी, वर २ इंच बारीक खडी, प्रत्येक थराला प्लेट कॉम्पॅक्टर (खडी दाबून बसवायचं मशीन) फिरवला. कापड वाचवायला जाऊ नका, नाहीतर दोन पावसाळ्यांत खडी चिखलात बसते आणि चिखल वर येतो. मुरूम दाबला की घट्ट होतो, रस्त्याला चांगला, इथे नको. तुमच्या मापाला ८ इंचाचे २ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होतात, दाबून बसणार म्हणून अडीच मागवा.

साइटवरचा_माणूस:
वरचं सगळं बरोबर पण एक राहिलं, आणि तिथेच लोक फसतात. खड्ड्याचा तळ सपाट खोदलात तर काळ्या मातीत तो हौद झाला, खडी कितीही भारी टाका, पाणी आत साठून राहणार. उतार नुसता वर लॉनला देऊन भागत नाही, खाली तळाला द्यायचा. घराकडून कंपाउंडकडे २० फुटाला अडीच इंच, पाण्याच्या नळीने लेव्हल बघा, डोळ्याने नाही. खालच्या टोकाला आडवी चर घेऊन ४ इंची भोकांचा पीव्हीसी पाइप, भोकं खाली, भोवती तेच कापड. शोषखड्डा करणार असाल तर आधी फूटभर खड्डा करून पाणी भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आणि काहीही झालं तरी पाणी जोत्याकडे नको, ही माती फुगते आणि आकसते, भिंतीला तडे त्यानेच जातात. पीसीसी पण याच मातीवर थेट ओतलं तर तडकतं.

हरळीप्रेमी:
एवढा खर्च करून शेवटी प्लॅस्टिकच ना? मे मधल्या दुपारी त्यावर अनवाणी चालून दाखवा एकदा. हरळी लावा, काळ्या मातीत फुकट वाढते.

अंगणवाला_परभणी:
@हरळीप्रेमी काका हरळी होतीच हो आधी, उन्हाळ्यात टँकरचं पाणी घरात पुरत नाही तर हरळीला कुठून घालू 😄
@साइटवरचा काल संध्याकाळी फूटभर खड्डा करून भरला, सकाळी बघितलं तर जेमतेम दोन इंच उतरलं होतं, म्हणजे शोषखड्डा बाद. मागच्या नालीत सोडायचं म्हटलं तर वेगळीच पंचाईत, नालीचा तळ जमिनीपासून फक्त १२ इंच खाली. ९ इंच खोदायचं, त्यात उताराचे अडीच, त्यात पाइपची चर, हिशोब १६ च्या पुढे जातो. पंप लावू का?

साइटवरचा_माणूस:
पंपबिंप काही नको, लाइट गेली की पुन्हा हौद. खाली जाता येत नाही तर वर या. घराकडे ३ इंच खोदा, कंपाउंडकडे साडेपाच, पाइपची चर त्याखाली ५, झाले साडेदहा, नालीत आरामात पडतं. खडीचा थर तोच ८ इंच, म्हणजे लॉन जमिनीपेक्षा घराकडे ५ इंच आणि कंपाउंडकडे अडीच इंच वर येईल, कडेने विटांची एक ओळ सिमेंटमध्ये बसवा आणि खिळे त्याच्या आतल्या लाकडी पट्टीत मारा, खडीत खिळा धरत नाही. जोतं किती आहे?

अंगणवाला_परभणी:
दोन फूट.

साइटवरचा_माणूस:
मग बिनधास्त. फक्त खोदलेलं उघडं ठेवून पावसाची वाट बघू नका, एकदा भिजलं की मशीन त्यावर चालतच नाही.

खडीवाला_नगर:
अजून एक, लॉनचा रोल साधारण २ मीटर रुंद असतो, २० फुटात तीन पट्टे टाकले की चार इंच कमी पडतात. त्याला जोड देत बसू नका, कंपाउंडकडे पाइपच्या वर ती चार इंची पट्टी नुसती गोट्यांची ठेवा, पाणी पण झटकन उतरतं.

अंगणवाला_परभणी:
भारी. अडीच ब्रास खडी सांगितली, परवा येतेय. जुनंच लॉन परत वापरलं तर चालेल ना?

खडीवाला_नगर:
उलटं करून भोकं बघा, चिखलाने बुजली असतील. पाइपने धुवा, दोन विटांवर टाकून बादलीभर पाणी ओता. खाली धार लागली तर वापरा, वरच साचलं तर भंगारात.