फ्लॅट घेण्याआधी महारेराचं एजंट लायसन्स काढावं का?

सिन्नरकर:
पुण्यात वाकडला भाड्याने राहतो, आयटीत नोकरी. भाड्याने द्यायला एक वन बीएचके घ्यायचाय, बजेट ४५ लाख. रावेत, पुनावळे बघतोय. मेव्हणा म्हणतो, आधी महारेराचं (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) एजंट लायसन्स काढ, दलाली वाचेल आणि धंद्यातलं सगळं कळेल. काढावं का?

चिंचवडचा दलाल:
मी स्वतः नोंदणीकृत एजंट आहे. नका काढू.

स्वतःसाठी घर घ्यायला लायसन्स लागतच नाही. रेरा (रिअल इस्टेट नियमन) कायद्याच्या कलम ९ची नोंदणी कमिशन घेऊन दुसऱ्याचा व्यवहार जुळवणाऱ्यासाठी आहे. फी १० हजार, मुदत ५ वर्षं. २०२३ पासून त्यासाठी २० तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षाही आलीय.

आता दलाली. नव्या प्रोजेक्टमध्ये आमचं कमिशन बिल्डर देतो, गिऱ्हाईक नाही. स्वतःच्याच फ्लॅटवर कमिशन मागण्यापेक्षा थेट सेल्स ऑफिसला जा आणि सांगा, मध्ये एजंट नाही, तेवढे भावातून कमी करा. कमिशन घेतलंत तर ते उत्पन्न, त्यावर टॅक्स. भाव कमी झाला तर तो प्रश्नच नाही. रिसेलला दलाल २ टक्के म्हणतो आणि घासाघीस केली की खाली येतो. आम्हाला सवय आहे.

राहिलं ‘सगळं कळेल’. परीक्षेत कायदा कळतो. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत रोज किती टँकर येतात, हे वॉचमनला विचारल्यावरच कळतं. पुनावळे बघताय म्हणून मुद्दाम सांगतोय. आणि भाड्याचा हिशोब कागदावर मांडा: १८ हजार भाडं धरलं तर वर्षाचे २ लाख १६ हजार, म्हणजे ४५ लाखांवर ५ टक्केही नाहीत. त्यातून मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स आणि मधले रिकामे महिने वजा. खरेदीच्या वेळी स्टॅम्प ड्युटी वेगळीच. माझ्या मते खरा विचार इथे करायला हवा, लायसन्सचा नाही.

काळा_कोट:
दलालसाहेबांशी सहमत, वकील असूनही. :) ते १० हजार आपल्या ओळखीच्या वकिलाच्या सर्च रिपोर्टकडे (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) वळवा, ३० वर्षांचा काढून घ्या. बिल्डरने सुचवलेला वकील नको. रिसेल असेल तर आधीच्या व्यवहारांची सूची दोन (इंडेक्स टू, नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा सारांश) बघा. नवीन असेल तर महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताबा द्यायची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते पाहा. आणि रजिस्टर्ड करारनामा झाल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे देऊ नका. कलम १३ प्रमाणे बिल्डरला ते मागताच येत नाहीत.

सिन्नरकर:
दोघांचे आभार. मेव्हण्याचा पुढचा प्लॅन असा की ऑफिसातल्या चार जणांनाही फ्लॅट दाखवायचे आणि कमिशन अर्धं-अर्धं. तेव्हा तर लागेल ना?

चिंचवडचा दलाल:
मग लागेलच. रेरात नोंदलेल्या प्रोजेक्टमध्ये बिननोंदणीचं काम केलंत तर दंड रोज १० हजार, चढत चढत त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. शिवाय कंपनीच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये जोडधंदा चालतो का, ते वाचा. बऱ्याच आयटी कंपन्यांत चालत नाही. मेव्हण्यालाच काढू द्या की, हौस त्याला दिसतेय.