मदत हवी आहे: कंट्रोलमध्येच मायक्रोन्यूक्लिअस इतके कसे?

सोनचाफा
एम.एस्सी. प्राणिशास्त्र, शेवटचं सेमिस्टर. प्रकल्प सायपरमेथ्रिन या कीटकनाशकावर. उंदरांना पाच दिवस तोंडावाटे डोस दिला, मांडीच्या हाडातली मज्जा काढून स्लाइड केल्या, आता मायक्रोन्यूक्लिअस (गुणसूत्र तुटून किंवा मागे राहून पेशीत उरलेले छोटे केंद्रक) मोजतेय. ज्यांना नुसतं मक्याचं तेल दिलं त्या कंट्रोलमध्येच हजारी ११ ते १४ येतायत! औषधाच्या गटात १३, १५, १२. तीनदा मोजून झालं. सोमवारी सरांना तक्ता द्यायचाय. काय चुकलं असेल? प्लीज लवकर सांगा.

काचपट्टी
कंट्रोलमध्ये हजारी १ ते ३ यायला हवेत. हजार कोणत्या पेशी? फक्त पीसीई (नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी) की सगळ्याच तांबड्या पेशी? रंग कोणता? शेवटच्या डोसनंतर किती तासांनी मज्जा काढली? पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे मायक्रोन्यूक्लिअस नक्की वाढवणारं रसायन दिलेला गट, होता का?

सोनचाफा
पीसीईच हो, तेवढं कळतं मला. २४ तासांनी. सायक्लोफॉस्फामाइडच्या गटात ३०च्या वर आलेत. रंग नेहमीचाच.

पेट्रीडिश
मुळात प्राणी कशाला मारता? एम्स टेस्ट करा, जिवाणूंवरची. टीए९८, टीए१०० या साल्मोनेलाच्या जाती घ्या, एस९ (यकृताचा अर्क) घालून आणि न घालता प्लेट लावा, दोन दिवसांत वसाहती मोजा. आम्ही सगळी रसायनं अशीच तपासतो.

निळीशाई
पेट्रीडिश, एम्स जनुकातलं उत्परिवर्तन पकडते. गुणसूत्र तुटलं किंवा पेशी विभागताना मागे राहिलं, तर ते त्या प्लेटवर दिसत नाही. सायपरमेथ्रिन एम्समध्ये बहुतेक वेळा निगेटिव्हच येतं, वाद आहे तो गुणसूत्रांचा. म्हणून तर दोन-तीन वेगवेगळ्या चाचण्या मिळून करायच्या असतात. आणि त्यांनी प्राणी वापरून झालेत, आता त्या स्लाइड वाया जाऊ नयेत हे महत्त्वाचं.

गावाकडचा
एवढं विष तपासत बसण्यापेक्षा ते वापरूच नका. चार वर्षं दशपर्णी अर्कावर आहे मी. कडुनिंब, निर्गुडी, घाणेरी, सीताफळ, करंज, रुई, एरंड, पपई असा पाला, शेण, गोमूत्र, सावलीत महिनाभर भिजवायचं, रोज काडीने ढवळायचं. कुणाला पूर्ण कृती हवी असेल तर टाकतो.

निळीशाई
दादा, कृती जरूर टाका, पण वेगळ्या धाग्यावर. आणि वनस्पतीचं म्हणून निर्धोक, असं नसतं. पायरेथ्रम शेवंतीच्याच कुळातल्या फुलांतून निघतं. उन्हात ते लवकर विरतं, म्हणून १९७३ साली इंग्लंडच्या रोथॅमस्टेडमध्ये मायकेल इलियट यांच्या गटाने उन्हात टिकणारं परमेथ्रिन बनवलं. सायपरमेथ्रिन त्याच घराण्यातलं.

सायली_नाशिक
इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. मला पाचवा महिना आहे, डासांचं मशीन रात्रभर लावलेलं चालेल का?

निळीशाई
सायलीताई, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. तोवर मच्छरदाणी लावा आणि संध्याकाळी खिडक्यांची जाळी बंद ठेवा.

काचपट्टी
मूळ प्रश्नाकडे येऊ या. सोनचाफा, ‘नेहमीचा रंग’ म्हणजे गीम्सा का? आणि उंदीर म्हणजे माऊस की रॅट?

सोनचाफा
गीम्साच. आणि उंदीर म्हणजे उंदीर ना! विस्टार.

काचपट्टी
ताई, विस्टार म्हणजे रॅट! मराठीत दोन्ही उंदीरच, म्हणून सगळे माऊस धरून चाललो होतो. रॅटच्या मज्जेत मास्ट पेशी असतात, कणांनी भरलेल्या. स्मिअर ओढताना त्या फुटतात, त्यांचे कण सगळीकडे सांडतात आणि गीम्सात ते जांभळे होतात. एखादा कण पीसीईवर जाऊन बसला की हुबेहूब मायक्रोन्यूक्लिअस वाटतो. आमच्या प्रयोगशाळेत मी दोन महिने असेच कण मोजत होतो.
१०० एक्सखाली फाइन फोकस हळूहळू फिरवून बघा. खरा मायक्रोन्यूक्लिअस पेशीच्याच पातळीवर असतो, गोल, काठ स्वच्छ, रंग केंद्रकासारखा, व्यास पेशीच्या विसाव्या ते पाचव्या भागाइतका. मास्टचा कण पेशीच्या किंचित वर तरंगतो. पेशींच्या बाहेर मोकळ्या जागेतही तसलेच ठिपके दिसले, तर समजा तेच.

सोनचाफा
आत्ता पाहिलं. कंट्रोलच्या दुसऱ्या स्लाइडवर एक मोठी पेशी फुटलीय, दाणेदार, गडद जांभळी, आणि तिच्याभोवती मोहरी सांडावी तसे ठिपके. त्या भागातच माझे सहा ‘मायक्रोन्यूक्लिअस’ होते. पेशीवर फोकस केला की ठिपका पुसट होतो. रडूच आलं. आता काय करू?

काचपट्टी
डीएनए वेगळं ओळखू येईल असा रंग हवा. अ‍ॅक्रिडिन ऑरेंज घ्या. पीसीईत आरएनए असतं म्हणून ती नारिंगी-तांबडी दिसते, मायक्रोन्यूक्लिअस हिरवट-पिवळा चमकतो. फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप लागेल. न रंगवलेल्या स्लाइड उरल्यात का? आणि हजारावर थांबू नका, ओईसीडीच्या ४७४ क्रमांकाच्या चाचणी-नियमाप्रमाणे प्रत्येक प्राण्यामागे ४००० पीसीई मोजायच्या असतात.

सोनचाफा
प्रत्येकाच्या दोन-दोन ठेवल्यात. मायक्रोस्कोप बॉटनीत आहे, विचारते. शुक्राणूही पाहिलेत, शेवटच्या डोसच्या दुसऱ्याच दिवशी, डोक्याच्या आकारात काही फरक नाही. ‘प्रजननास सुरक्षित’ असं लिहिलं तर चालेल?

निळीशाई
कृपा करून लिहू नका. त्या दिवशी एपिडिडायमिसमध्ये (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीत) जे शुक्राणू होते ते डोसच्या आधीच तयार झालेले. रॅटमध्ये मूळ पेशीपासून शुक्राणू बनायला सुमारे ५२ दिवस लागतात, पुढे एपिडिडायमिसमधला प्रवास वेगळा. दोन पिढ्यांच्या अभ्यासात जोडी लावायच्या आधीच नर-मादी दोघांना दहा आठवडे डोस देतात, पुढे पिल्लं, मग त्यांची पिल्लं. तुम्ही एवढंच लिहू शकता की पाच दिवसांच्या डोसनंतर लगेच पाहिलेल्या शुक्राणूंत फरक आढळला नाही. बरं, सायपरमेथ्रिन कुठलं? शुद्धता किती?

सोनचाफा
कृषी सेवा केंद्रातून आणलं. २५ ईसी, म्हणजे २५ टक्क्यांचं, पाण्यात मिसळून फवारायचं.

निळीशाई
मग त्यात विद्रावक आहे, इमल्सिफायर आहे. तुमच्या कंट्रोलला नुसतं तेल मिळालं. उद्या फरक आला तरी तो सायपरमेथ्रिनचा की विद्रावकाचा, हे कसं सांगणार? टेक्निकल, म्हणजे विद्रावक न घातलेलं मूळ रसायन, घ्यायला हवं होतं, त्याच्या सिस-ट्रान्स या दोन रूपांचं प्रमाण लिहिलेलं. कशात मिसळून देतो त्यानेही विषारीपणा पार बदलतो. मक्याच्या तेलातून रॅटचा एलडी ५० (निम्मे प्राणी मरतात तो डोस) किलोमागे साधारण २५० मिलिग्रॅम, पाण्यातून दिलं तर कित्येक पट जास्त.

कापूसकाठ
निळीशाई, हे पटत नाही. २०१७ ला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, त्यांच्या पंपात टेक्निकल नव्हतं. दुकानातलंच होतं. प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के असं मिश्रण तर इथे सर्रास मारतात. जे अंगावर उडतं तेच तपासायला नको का?

निळीशाई
तपासायलाच हवं. पण मग शीर्षकात ‘सायपरमेथ्रिन’ नको, ‘सायपरमेथ्रिन २५ ईसी’ हवं, आणि कंट्रोलला औषधाशिवायचं तेच विद्रावक. दोन्ही प्रश्न खरे आहेत, फक्त त्यांची उत्तरं एका गटातून निघत नाहीत.

सोनचाफा
कापूसकाठ दादा, मी आर्णीकडची. मोठा भाऊ कपाशीवर फवारतो, घरी येतो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि चेहरा चुरचुरत असतो. दुकानातली बाटली त्याच्याचसाठी घेतली होती. टेक्निकलचं सुचलंच नाही.

कापूसकाठ
त्या चेहऱ्याच्या चुरचुरीला हसण्यावारी नेऊ नका. त्याला वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नको म्हणावं, आणि तो शर्ट घरच्या कपड्यांत धुवू नका.

सोनचाफा (दोन दिवसांनी)
अ‍ॅक्रिडिन ऑरेंजमध्ये आठ प्राणी झाले, प्रत्येकी ४००० पीसीई. कंट्रोल हजारी १, २, २. औषध ३, २, ३. सायक्लोफॉस्फामाइड २२ आणि २६. सरांना जुना तक्ता दिला नाही, सगळं सांगितलं. शीर्षकात ‘२५ ईसी’ घालायला ते तयार आहेत. विद्रावकाच्या गटासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे पुन्हा अर्ज करावा लागेल. उरलेल्या स्लाइड उद्या, बॉटनीचा मायक्रोस्कोप चारपर्यंतच मिळतो.